मागच्या गॅरेजपर्यंत इंटरनेट नेण्याबाबत

बंगला क्र. ९ : सर्वांना नमस्कार. आपल्या वसाहतीतील गॅरेज घरांना लागून नसून मागच्या अंतर्गत रस्त्यापलीकडे आहेत. आमच्या गॅरेजमध्ये विजेच्या गाडीचा चार्जर आणि दाराशी एक कॅमेरा बसवला आहे. दोघांनाही इंटरनेट लागते. परंतु घरातले वाय-फाय तिथे जेमतेम पोहोचते आणि शटर ओढले की तेही जाते. अंतर साधारण ४० मीटर आहे. काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

बंगला क्र. ३ : ताई, एक रिपीटर लावून टाका. आमच्या वरच्या मजल्यावर उत्तम चालतो.

बंगला क्र. १४ : वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी आहे. साधा रिपीटर ज्या लहरींवर सिग्नल घेतो त्याच लहरींवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय मुळात जिथे सिग्नल चांगला आहे तिथेच तो ठेवावा लागतो. गॅरेजचे पत्र्याचे शटर तर लहरी परतवूनच लावते. तेव्हा गॅरेजच्या आत स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वाय-फायवर देणारे यंत्र, असणे आणि त्याच्यापर्यंत घरातून केबल जाणे, हाच टिकाऊ मार्ग आहे. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण आपण चार्जरसाठी वेगळा मीटर घेतला असेल तर त्यांचा भरवसा धरू नये.

बंगला क्र. ९ : होय काका, मीटर वेगळाच आहे. मग कॅट-६, म्हणजे नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल टाकली तर चालेल ना? तिची मर्यादा १०० मीटर असते, असे वाचले आहे.

बंगला क्र. १४ : अंतराच्या हिशेबाने चालेल, आणि १ गिगाबिट वेगही मिळेल. तरीही दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराचे अर्थिंग वेगळे आणि गॅरेजचे वेगळे असते. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो भरून काढायला तांब्याची तार आयती वाट देते. वीज थेट घरावर पडावी लागते असेही नाही. लांब तारेत नुसता दाब निर्माण झाला तरी राउटरचे आणि कॅमेऱ्याचे पोर्ट जळू शकतात. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस कसा कडकडाट करत येतो, हे कोणाला सांगायला नको. ऑप्टिकल फायबर काचेचा असतो, त्यातून वीज वाहत नाही, म्हणून हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या केबलमधला सिग्नल एकमेकांत बदलणारे यंत्र, लावायचा. एकाच तंतूवर चालणारी जोडी घेतल्यास एक कन्व्हर्टर ‘ए’ आणि दुसरा ‘बी’ प्रकारचा असल्याची खात्री करावी. दोन्ही सारखेच आणले तर जोडणी होणार नाही.

एक बारीक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. घरोघरी इंटरनेट देण्यासाठी जी चपटी काळी फायबर केबल वापरतात, तिच्यात आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. तशी केबल घेतली तर काचेचा मुख्य फायदाच गेला. ‘पूर्णपणे धातुविरहित’ अशी केबल मागावी.

बंगला क्र. ६ : खणण्यापेक्षा विजेच्या खांबावरून वरूनच नेली तर?

बंगला क्र. १४ : खांब वीज कंपनीचे आहेत, त्यांच्या परवानगीविना त्यांना हात लावता येणार नाही. शिवाय संक्रांतीला आपल्या गच्च्यांवर काय चालते ते आठवावे. येवल्याइतके नसले तरी आपल्या पोरांचे पतंगही तारांना पुरून उरतात. खणायचे नसेलच, तर गच्चीवर आणि गॅरेजच्या भिंतीवर समोरासमोर दोन वायरलेस ब्रिज, म्हणजे केबलविना एकमेकांना सिग्नल देणारी यंत्रे, लावता येतील. मध्ये झाड नसेल तर ४० मीटरला ते सहज पुरतात. आपल्याकडे मात्र वाटेत आंबा आहे.

सचिव : रस्ता सामाईक असल्याने खोदकामापूर्वी लेखी अर्ज द्यावा. पेव्हर ब्लॉक काढून पूर्ववत बसवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. पावसाळा सुरू झाल्यावर परवानगी दिली जाणार नाही.

बंगला क्र. ९ : अर्ज उद्याच देते. पाइप कोणता टाकावा, काका?

बंगला क्र. १४ : जाड एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप टाकावा आणि तोही विजेच्या पाइपापासून वेगळा ठेवावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे चरात आधी वाळू पसरावी. केबल ताणून न बसवता दोन्ही टोकांना थोडी सैल ठेवावी आणि कोपऱ्यांवर काटकोनात न मोडता गोलाईने वळवावी. पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची ओढून ठेवावी, म्हणजे पुढे दुसरी केबल घालताना रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही. गॅरेजच्या आत नेटवर्क स्विचपासून (एका केबलवरचे इंटरनेट अनेक उपकरणांना वाटणाऱ्या यंत्रापासून) कॅमेऱ्यापर्यंत मात्र कॅट-६च लागेल, कारण त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची आहे. ती शुद्ध तांब्याची घ्यावी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नव्हे. आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल तर त्यातले डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटून देण्याचे काम, बंद करावे.

बंगला क्र. १० : आमचे गॅरेज त्यांच्या शेजारीच आहे. चर एकच खणून त्यात दोन पाइप टाकले तर आम्ही निम्मा खर्च देऊ.

सचिव : तसे असल्यास दोघांनी मिळून एकच अर्ज करावा.