घरी ब्रेकचं काम केलं, आणि मग… (अनुभव धागा)

मागच्या रविवारी पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. दीड तासाच्या कामाला चार तास लागले, पण झालं होतं सगळं व्यवस्थित. चाकं चढवली, जॅक काढला, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडल थेट जमिनीला टेकलं. मागे भिंत. हँडब्रेक ओढला म्हणून बंपर वाचला.

कारण अगदी बाळबोध. नवे जाड पॅड मावावेत म्हणून कॅलिपरचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीचे) पिस्टन मीच आत ढकलले होते. ते परत बाहेर येऊन पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब फुकटच जाणार. गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबायचं असतं, हे मला माहीतही होतं. पण पाठ धरलेली, हात काळेकुट्ट, आणि 'एकदाचं झालं' या आनंदात विसरलो.

तर धागा त्यासाठी. घरी ब्रेकला हात लावल्यावर काय बिघडलं आणि ते कसं सापडलं, ते लिहा. सल्ले नकोत, स्वतःची फजिती हवी. गाडी कुठली ते नाही सांगितलं तरी चालेल, पण पॅडल कसं लागत होतं ते नक्की सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

तीन रविवार

माझी फजिती लांबलचक आहे. पुढचे दोन्ही कॅलिपर गंजले होते, धाकट्या भावाला हाताशी धरून नवे बसवले. पॅडल स्पंजसारखं. एअर राहिली असणार म्हणून पुन्हा ब्लीडिंग, म्हणजे ऑइलबरोबर पाइपातली हवा बाहेर काढणं. तो आत बसून पॅडल दाबतोय, मी खाली आडवा पडून पाना फिरवतोय. "दाब… धर… धरून ठेव… सोड!" पाइपमधून स्वच्छ ब्रेक ऑइल येतंय, एक बुडबुडा नाही. तरी पॅडल अर्धं खाली जाणार, दोनदा पंप केलं की वर येणार आणि मिनिटभराने पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी लिटरभर ऑइल संपलं. आमचं सौहार्दही. मग ठरवलं की मास्टर सिलिंडरच (पॅडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप) गेलाय. नवा आणला, बसवला. पॅडल तसंच.

तिसऱ्या रविवारी नुसताच टॉर्च घेऊन चाकाशी बसलो होतो. कॅलिपरचं निपल (जिथून हवा काढतात ते तोंड) जमिनीकडे वळलेलं होतं. दुसऱ्या बाजूचंही तेच. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे! बोल्ट बरोबर बसतात, पाइप बरोबर लागतो, काही म्हणजे काही अडत नाही. फक्त हवा वर जाते आणि निपल खाली असतं, त्यामुळे पिस्टनच्या वर अडकलेला हवेचा खिसा जन्मभर ब्लीडिंग केलं तरी निघणार नाही. अदलाबदल केली, तासाभरात पॅडल दगडासारखं. जुना मास्टर अजून खोक्यात आहे. भाऊ दर सणाला त्याची विचारपूस करतो.

खर्र

मी पॅड उलटा बसवला होता. लोखंडी पाठ डिस्ककडे, मसाला (घासणारा थर) पिस्टनकडे. आवाज ऐकून वाटलं, नवे पॅड आहेत, बसतील हळूहळू. दोन किलोमीटरमध्ये डिस्कवर नांगरल्यासारख्या रेघा. नवी डिस्क घेतली. पॅडल? पॅडल उत्तम होतं.

सुतळी

माझंही पॅडल नेहमीसारखंच होतं, म्हणून निम्मं निदान पॅडलवर होतं हे मला तरी पटत नाही. मला चाकाने सांगितलं. पॅड बदलल्यावर चार दिवसांनी गाडी जराशी डावीकडे ओढायला लागली. उतरल्यावर करपल्यासारखा वास, आणि डावी रिम हात लावता येणार नाही इतकी गरम.

थंड झाल्यावर चाक जॅकवर घेतलं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडला. मग चाक हाताने फिरेना. पिस्टन जाम असेल म्हणून कॅलिपर उघडायला निघालो होतो, पण आधी निपल थोडं सैल केलं. ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे पिस्टन ठीक होता, ब्रेक सोडल्यावर दाब मागे परतत नव्हता. रबरी होज आतून सोलला होता, ऑइल जोराने आत जायचं पण परत येताना तो पापुद्रा आडवा यायचा. बाहेरून होज अगदी धडधाकट. आणि डावाच का गेला? पॅड बदलताना डावा कॅलिपर मी त्याच होजवर लोंबकळत ठेवला होता, वर चहा प्यायला गेलो होतो. होज जुना होता हे खरं, पण शेवटचा झटका माझाच. आता दोन्ही होज नवे आहेत आणि टूलबॉक्समध्ये कॅलिपर टांगायला सुतळी आहे.

दोन्ही ड्रम एकदम

मागच्या ड्रमचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) बदलायचे होते. वेळ वाचेल म्हणून दोन्ही चाकं एकदम उघडली, स्प्रिंगा, अॅडजस्टर (शू झिजले की ते बाहेर सरकवणारे स्क्रू) सगळं एका ताटात. (ताट घरातलं. तो वेगळा धागा होईल.) जोडलं, ब्रेक झकास. मग हँडब्रेकचे खटके वाढायला लागले: आधी ५, दोन आठवड्यांनी ८, मग ११. पॅडलही हळूहळू खोल. शूवरचं लायनर इतक्यात झिजणं शक्यच नव्हतं.

अॅडजस्टरच्या स्क्रूचे आटे एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात. माझ्याकडून त्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे झीज भरून काढायला शू बाहेर सरकवण्याऐवजी यंत्रणा दर वेळी इमानेइतबारे शू आत ओढत होती. तेव्हापासून एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही. अडलं की समोरचं चाक बघून यायचं.

अर्धी बाटली

शिल्लक राहिलेलं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. बाटली दोन वर्षांपूर्वी फोडलेली, झाकण घट्ट, दिसायला नितळ. शहरात काही त्रास नाही. लांब उतारावर गाडी भरलेली असताना पॅडल मऊ पडत पडत जवळजवळ तळाला गेलं. गिअर खाली घेत कशीबशी कडेला लावली. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा ठणठणीत. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरली की ही हमी १५५ वर येते. पाइपात वाफ झाली की पाय वाफच दाबत बसतो.

गॅरेजवाला

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. घरी काम करून बिघडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि मी कोणाला हसत नाही (समोर तरी). पंप केल्यावर पॅडल वर येत असेल तर एअर किंवा मागचे ड्रम सैल. पाय स्थिर ठेवूनही पॅडल हळूहळू खाली चाललं असेल तर कुठेतरी गळती किंवा मास्टरचं सील गेलेलं. पॅडल लाकडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टरकडे (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे) बघायचं. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा दाबा, पाय तसाच दाबून इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला.

जुन्या गाडीचं ब्लीडिंग करताना पॅडल तळापर्यंत हाणू नका. मास्टरच्या आत ज्या भागात सील कधी जात नाही तिथे गंज असतो, तिथे घासून चांगला मास्टर मरतो. मी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

एकाने ब्रेकच्या टाकीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं होतं. टाकीच्या झाकणाचं रबर फुगून नागमोडी झालं होतं, तिथेच कळलं. मास्टर, होज, कॅलिपरची सीलं, सगळं रबर बदललं. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी मला पेढे आणले, का ते विचारलं नाही.

टक-टक

पॅड काल बदललेत, पॅडल मस्त. फक्त हळू चालवताना डावीकडून टक-टक येतंय, म्हणून हे सगळं वाचत बसलो होतो. आत्ता खाली जाऊन टॉर्चने पाहून आलो. निपल वर आहे, पॅड सरळ आहेत. डाव्या चाकाचे चारही नट मात्र हातानेच फिरवून ठेवलेत, जॅक काढल्यावर पाना लावायचा राहिलाय. ऑफिसला जाऊन आलो की मी काल या गाडीने. बायकोला सांगितलेलं नाही.