‘उपभोग कर’ म्हटलं की काय ऐकू येतं?

तापीकाठ (भुसावळ):
एका दिवाळी अंकासाठी जपानमधल्या करविरोधी संतापावरचा लेख मराठीत करते आहे. तिथल्या कराचं नाव मी सरळ ‘उपभोग कर’ असं केलं आणि खर्डा आईला वाचून दाखवला. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वाचन दांडगं. गवारीच्या शेंगा निवडता निवडता म्हणाली, “उपभोगावरच आहे ना कर? मग गोरगरिबांनी कशाला एवढं ओरडायचं? ज्यांना उपभोग घ्यायचाय ते भरतील की!”

मी तिथंच थांबले. लेखाचा सगळा जीव याच्या उलट आहे. तो कर तांदळावर होता, साबणावर होता, पोराच्या वहीवर होता. श्रीमंताला जेवढा दर तेवढाच विधवेला.

थोडी पार्श्वभूमी देते, कारण शब्दाचा प्रश्न तिच्यातच अडकलाय. १९७९ मध्ये पंतप्रधान ओहिरांनी ‘सर्वसाधारण उपभोग कर’ आणायचं म्हटलं आणि ऐन निवडणुकीत ते मागं घ्यावं लागलं. मोठा अप्रत्यक्ष कर आणणार नाही असं नंतरचे पंतप्रधान नाकासोने १९८६ च्या निवडणुकीत सांगत होते. १९८७ मध्ये त्यांनीच ‘विक्रीकर’ नावानं विधेयक आणलं. दुकानदार पेटून उठले, विधेयक बारगळलं. मग त्यांच्यामागून पंतप्रधान झालेल्या ताकेशितांनी डिसेंबर १९८८ मध्ये ‘उपभोग कर’ हेच नाव परत घेऊन कायदा करून टाकला. १ एप्रिल १९८९ पासून ३ टक्के. एक येनच्या नाण्यांची मागणी एकदम वाढली, कारण प्रत्येक वस्तूच्या किमतीला चिल्लर चिकटली. जूनमध्ये ताकेशितांना पद सोडावं लागलं (लाचेचं एक मोठं प्रकरणही तेव्हा गाजत होतं), जुलैत वरिष्ठ सभागृहात सत्ताधारी पक्षाचं बहुमत गेलं. समाजवादी पक्षाच्या नेत्या ताकाको दोई यांच्यामागं त्या निवडणुकीत बायका मोठ्या संख्येनं उभ्या राहिल्या.

आता सांगा, बाजारची पिशवी हातात धरलेली बाई फलकावर ‘उपभोग कर रद्द करा’ असं लिहील का? मराठीत ती काय लिहील?

दाणाबाजार (जळगाव):
ताई, आमच्या धंद्यात ‘उपभोग’ हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही ‘खप’ म्हणतो. यंदा उडदाला खप नाही, लग्नसराईत तुरीचा खप वाढतो. ‘खपकर’ लिहा. दोन अक्षरं कमी आणि पहिलीतल्या पोरालाही कळेल.

या विषयावर मला बोलायचंच आहे. १८ जुलै २०२२ पासून बंद पाकिटातल्या, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. त्याआधी तो नोंदणीकृत ब्रँडलाच होता. दोन दिवस आधी, १६ तारखेला, देशभरच्या धान्य व्यापाऱ्यांनी बंद पाळला. आमचंही शटर खाली होतं. मर्यादा ठेवली २५ किलोची, त्याच्या वर कर नाही. मग काय, डाळीचे कट्टे तीस किलोचे शिवून यायला लागले. तीस किलोचा कट्टा कोण नेतो? हॉटेलवाला नेतो, लग्नघरवाला नेतो. हातावर पोट असलेला माणूस किलोचं पाकीट नेतो आणि कर भरतो.

एक आजी आमच्याकडे दर चार दिवसांनी पाव किलो तूरडाळ न्यायच्या. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, “सुटी दे बाबा, कागदात बांधून.” ‘सुटी’ या शब्दाचं मोल मला त्या दिवशी कळलं. तुमच्या जपानी बाईचं दुःख आणि या आजीचं दुःख एकच आहे.

धातुपाठ (धुळे):
‘खपकर’ला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. ‘उपभोग’ शब्दाला दोष देण्याआधी त्याचा धातू पाहा. भुज् म्हणजे खाणे. भोजन त्यातलंच, भोग त्यातलाच. देवापुढं ठेवलेला भोग म्हणजे काय चैनीची वस्तू आहे का? अन्नच आहे. तेव्हा तांदळावरच्या कराला ‘उपभोग कर’ याहून नेमका शब्द नाही. तुमच्या आईंना उपभोग म्हटल्यावर चैन आठवली, हा शब्दाचा दोष नाही. जाहिरातींनी तो शब्द बिघडवला.

आपण चांगले शब्द असेच सोडून देतो. ‘प्राप्तिकर’ हा किती नेमका शब्द! प्राप्ती झाली तर कर. पण हिंदीतून ‘आयकर’ आला आणि आता कार्यालयाच्या पाटीपासून वर्तमानपत्रापर्यंत तोच. माझे वडील अखेरपर्यंत ‘प्राप्तिकर’च लिहीत. मीही लिहितो, आणि तरुण मुलं मला त्याचा अर्थ विचारतात. याचं वाईट वाटतं.

गिरणाई (भडगाव):
दादा, धातू मान्य, पण माणूस ऐकतो ते धातू नाही ऐकत. आमच्याकडं भोग म्हणजे नशिबी आलेलं. “भोग शेत मना, भोगनाच पडी.” म्हणजे माझे भोग आहेत, भोगावेच लागतील. ‘उपभोग कर’ म्हटलं तर माझ्या मामेसासूबाई म्हणतील, भोग तर भोगतोच आहोत, आता त्यावर करही का?

आणि ‘खप’चंही अवघडच. आमच्या अहिराणीत ‘खपी गया’ म्हणजे माणूस गेला, संपला. शेतात राबून राबून ‘खपना’ तो वेगळा. माल खपला तो आणखी वेगळा. ‘खपकर’ म्हटलं तर मला आधी मयताचं आठवतं.

बाईनं फलकावर काय लिहायचं विचारता तर सांगते. ती कराचं नावच लिहिणार नाही. ती लिहील, “आते मीठवर बी पट्टी लायी का?”

दाणाबाजार (जळगाव):
मिठावर जीएसटी नाही, गिरणाई. बाकी वाक्य लाखमोलाचं.

धातुपाठ दादा, खपणे तुम्हाला वाटतं तितकं गावंढळ नाही. ते संस्कृत क्षप् पासून आलंय असं आमच्या महाविद्यालयातले सर सांगत. संपवणे, नाहीसं करणे. वस्तू वापरली की संपते, म्हणून खप. यात अशुद्ध काय आहे?

तापीकाठ (भुसावळ):
हे फार उपयोगाचं आहे! जपानी शब्द ‘शोही’. त्यातलं पहिलं अक्षर ‘विझणे, नाहीसे होणे’ या अर्थाचं आणि दुसरं ‘खर्च’. म्हणजे त्यांचाही शब्द संपण्याकडून आलाय, सुखाकडून आलेला नाही. त्या हिशेबानं ‘खप’ जवळचा.

धातुपाठ (धुळे):
व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द जुळतो असं नाही. वर्तमानपत्राचा खप म्हणजे किती प्रती विकल्या गेल्या ते. किती वाचल्या ते नव्हे. मराठीत खप हा विकणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. दाणाबाजार यांना तो सहज सुचला तो त्यामुळंच. घरातली बाई “आमच्याकडे महिन्याला दोन किलो डाळीचा खप आहे” म्हणत नाही. “दोन किलो डाळ लागते” म्हणते.

दाणाबाजार (जळगाव):
हे मात्र खरं आहे. लागते.

सनदी (नंदुरबार):
हिशेबनीस आहे, दिवसभर हेच काम. एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. जीएसटी हाच उपभोगावरचा कर आहे. १ जुलै २०१७ पासून आपण तो भरतोय. माल कुठं तयार झाला याला महत्त्व नाही, जिथं वापरला जातो त्या राज्याला वाटा मिळतो. त्याआधी १ एप्रिल २००५ पासून व्हॅट होता, त्याच्याआधी १९५९ च्या कायद्याचा विक्रीकर. नावं बदलत गेली, दुकानात लोक आजही “टॅक्स लावून की विनाटॅक्स?” एवढंच विचारतात. मग लेखात साधं ‘टॅक्स’ का नको?

जपानमधला एक मुद्दा ताईंनी लिहावा असं वाटतं. सुरुवातीला वर्षाला ३ कोटी येनपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारांना कर भरण्यातून सूट होती. पण दुकानदार किंमत वाढवून गिऱ्हाइकाकडून घेऊ शकत होता. म्हणजे गिऱ्हाइकानं दिला आणि सरकारात पोचलाच नाही. लोकांच्या रागात याचाही वाटा होता. आपल्याकडं आपसमेळ योजनेतल्या (लहान दुकानदारानं उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची जीएसटीतली सोय) दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. ‘आपसमेळ’ हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण सुंदर आहे.

तापीकाठ (भुसावळ):
३ कोटींचा मुद्दा घेते, आभार. पण ‘टॅक्स’नं माझं काम होत नाही. तिथं नाव बदलणं हीच राजकारणातली चाल होती. ‘विक्री’ म्हटल्यावर दुकानदार उठला. ‘उपभोग’ म्हटल्यावर ओझं गिऱ्हाइकावर गेलं आणि गिऱ्हाइक बाईच्या हातात होतं ते मत. हा फरक मराठीत दिसला पाहिजे. ‘ग्राहककर’ कसा वाटतो? मराठीत आपण ‘उपभोक्ता’ म्हणतच नाही. वीज ग्राहक, ग्राहक पंचायत, ग्राहक मंच.

धातुपाठ (धुळे):
‘ग्राहककर’मध्ये दोन क एकापुढं एक येतात, जीभ अडखळते. घोषणा देऊन पाहा.

नाकेदार (सावदा):
मी आयुष्याची बरीच वर्षं एका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर काढली, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे नवा शब्द शोधताय आणि जुना शब्द समोर पडलाय. जकात. राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५२ वी नोंद होती, गावाच्या हद्दीत उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. ती २०१६ च्या घटनादुरुस्तीनं गेली. म्हणजे जकात हाच उपभोगावरचा कर होता. गावातून नुसत्या पुढं जाणाऱ्या गाडीवर जकात नव्हती, ती गावात रिकामी झाली तरच. रात्री दोन वाजता थंडीत कंदील घेऊन मी ट्रकची ताडपत्री उचलायचो आणि ड्रायव्हरला एकच विचारायचो, “इथं उतरणार की पुढं?” सगळा कायदा त्या एका प्रश्नात होता.

शब्द अरबी, मूळचा दानधर्माचा. गरिबाला द्यायचा वाटा. आपल्याकडं येता येता तो नाक्यावरची वसुली झाला. लोक जकातीवर चिडायचे, पण शब्दाचा अर्थ कधी कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणला, तेव्हा २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. नाव कुणी घेतलं नाही, सगळे ‘एलबीटी’ म्हणाले. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेकांना तो माफ झाला आणि शब्दही पुसला गेला. सरकारी समितीनं घडवलेला शब्द असाच जातो.

गिरणाई (भडगाव):
काका, ‘इथं उतरणार की पुढं’ हे वाक्य वाचून अंगावर काटा आला.

नावाचं म्हणाल तर आपल्या खान्देशात हे आधीही झालंय. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा भागात शेतकरी उठले ते ‘मोजणी’विरुद्ध. साखळी धरून जमीन मोजणं यात वाईट काय? पण मोजणीच्या मागून शेतसारा वाढून येईल हे त्यांनी ओळखलं होतं. लोकांना शब्दाच्या पाठीमागचं दिसतं. म्हणून मी म्हणते, ‘पट्टी’च घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी. तशी ‘जिन्नसपट्टी’.

सनदी (नंदुरबार):
पट्टी ठरावीक रकमेची असते ना? घरपट्टी वर्षातून एकदा येते. हा कर तर प्रत्येक पुडीला आहे.

दाणाबाजार (जळगाव):
आणि बाजार समितीत पट्टी म्हणजे कर नाहीच! शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब लिहिलेला कागद म्हणजे पट्टी. “कांद्याची पट्टी आली का?” म्हणजे पैसे आले का. जिन्नसपट्टी वाचून शेतकऱ्याला वाटेल काहीतरी मिळणार आहे.

गिरणाई (भडगाव):
मिळणार? दादा, त्या कागदावर काय काय वजा होतं ते तुम्हाला माहीत आहे. हमाली, तोलाई, मोटारभाडं. फळं-भाज्यांची आडतसुद्धा, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ पर्यंत आमच्याच पट्टीतून जायची, नंतर ती खरेदीदाराकडं गेली. माझ्या वडलांनी सगळ्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत. एक कांद्याची आहे, पिवळी पडलेली. वरच्या ओळीत मालाची रक्कम, खाली एकेक वजाबाकी आणि शेवटच्या आकड्याच्या मागं उणे. माल विकून वर पदरचे पैसे भरून आले होते ते. त्याला आमच्याकडं उलटी पट्टी म्हणतात. त्या दिवशी ते घरी आले, बैल सोडले आणि जेवले नाहीत. तेव्हा पट्टी म्हणजे येणं की देणं, हे बाजार समितीत बसून ठरवू नका.

दाणाबाजार (जळगाव):
गिरणाई, मी असं म्हणायला नको होतं. चुकलंच.

धातुपाठ (धुळे):
पट्ट हा मूळ शब्द. कापडाची किंवा धातूची लांब फीत, तिच्यावर लिहीत. ताम्रपट, पट्टा, पट्टी. म्हणजे लिहिलेलं ते पट्टी. कर आणि हिशेब हे दोन्ही अर्थ तिथून फुटले असावेत. येणं की देणं हे लिहिणारा ठरवतो.

तापीकाठ (भुसावळ):
अंक उद्या संध्याकाळी छापायला जातोय. आईला आत्ता सगळं वाचून दाखवलं. तिला ‘उलटी पट्टी’ ठाऊक नव्हतं, ती त्याच्याविषयीच विचारते आहे. नावाचं अजून काही ठरत नाही. तूर्त मूळ जपानी नाव एकदा देऊन पुढं नुसतं ‘हा कर’ लिहिते. कुणाला रात्रीतून सुचलं तर कळवा.

सनदी (नंदुरबार):
उलटी पट्टी मिरचीतही ऐकलीय. आमच्या बाजारात मिरची ओली येते आणि सुकल्यावर वजन उतरतं, त्यावरून भांडणं होतात. केळीत काय म्हणतात? तिथं माल बागेतच कापला जातो, मग हिशेबाचा कागद कोण देतं?

नाकेदार (सावदा):
केळीचं मी उद्या सकाळी विचारून येतो. शेजारच्या बागेत कापणी आहे, गाडी सहालाच लागते.