व्युत्पत्तीसाठी कोणता कोश चाळावा?

प्रश्न: ‘पगार’ आणि ‘घमेले’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, असे वाचनात आले. असे शब्द सवडीने धुंडाळायचे, तर कोणता कोश घ्यावा?

उत्तर १: कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ घ्या. मात्र त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती अंतिम मानू नका.

उत्तर २: मी तरी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्तीच सुचवेन. एक शब्द पाहायला जावे आणि शेजारपाजारचे शब्द वाचता वाचता मूळ शब्दच विसरून जावा, ही त्याची खरी गंमत आहे. म्हणूनच (आंतरजालावर तो सहज शोधता येत असला तरी) छापील प्रत जवळ असावी.

उत्तर ३: सुरुवात ‘हप्ता’पासून करा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून सात दिवसांचा आठवडा तो हप्ता. आपण मात्र त्याला महिन्याच्या कर्जफेडीलाही जुंपले.