डोंगराळ भागात नदीकाठचे रनिंग रूट कसे निवडता?

रोजचीधाव:
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत माझं सगळं रनिंग सपाट रस्त्यावर झालंय, १० किमी साधारण तासाभरात होतात. आता राहायला एका डोंगराळ भागात जातेय, खाली दरीतून नदी वळणं घेत जाते, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मॅप उघडला की तुटक रेषांचं नुसतं जाळं दिसतं, त्यातली कुठली वाट घ्यावी काहीच कळत नाही. मला रेस वगैरे करायची नाहीये. पळताना आजूबाजूला बघत राहावंसं वाटेल असे दोन-तीन रूट हवेत, एक रोजचा छोटा आणि एक सुट्टीच्या दिवशीचा लांब. तर मॅपवरून रूट कसा ओळखायचा, नदीकाठ बरा की वरची धार, आणि चढ किती झेपेल याचा अंदाज कसा बांधता तुम्ही? जे अशा भागात पळतात त्यांनी सांगा ना प्लीज.

खिंडीपलीकडे:
मस्त प्रश्न. एक गोष्ट आधी सांगतो, कारण रूट निवडताना हीच बघायची राहून जाते. पळताना नजर वर कुठे करता येणार, यावर रूट सुंदर की नाही ते ठरतं. दगडाधोंड्यांची, मुळांची अरुंद पायवाट कितीही भारी जागेतून जात असली तरी पळताना तुम्हाला समोरच्या दोन-तीन मीटर जमिनीशिवाय काही दिसत नाही, नजर हटली की पाय मुरगळलाच. म्हणून मी रूट बघताना आधी विचारतो की पाय आपोआप पडतील असा तुकडा कुठे आहे आणि तिथून काय दिसतं. नदीकाठचा रुंद मातीचा रस्ता, डोंगराच्या कुशीतून एकाच उंचीवर जाणारी आडवी वाट, पठाराची कड, हे तुकडे पळायला. बाकी खडा चढ चालत चढायचा, तिथे थांबून मागे वळून बघायचं, त्यात कमीपणा काही नाही, डोंगरात पळणारे सगळेच चालतात.

आता मॅप. कॉन्टूर लाइन्स (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला मॅप लावा, ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये तो लेयर असतो. दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक धरलाय ते आधी बघा, बहुतेक १० किंवा २० असतो. मग सोपं आहे, फरक २० चा असेल आणि १ किमीत वाट पाच रेषा ओलांडत असेल तर १०० मीटर चढ, म्हणजे १० टक्के, सपाटीवरून येणाऱ्याला हा चांगलाच जाणवतो. रेषांना समांतर जाणारी वाट म्हणजे जवळजवळ सपाट. रेषा चढाच्या दिशेने टोक करून आत वळल्या असतील तर तिथे ओढा किंवा घळ, उताराच्या दिशेने बाहेर आल्या तर सोंड. सोंडेवरून दोन्हीकडचं दिसतं, घळीत सावली आणि पाणी मिळतं. स्ट्राव्हा या रनिंग-सायकलिंगच्या ॲपचा हीटमॅप (जास्त वापरातल्या वाटा उजळ दाखवणारा मॅप) पण बघा, लोक खरंच जातात का ते कळतं, पण ॲक्टिव्हिटीमध्ये फक्त रनिंग निवडा, नाहीतर सायकलवाल्यांचा डांबरी रस्ताच सगळ्यात झगझगीत दिसतो.

काठावरचा:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो, नदीकाठ म्हणजे सपाट असं धरून चालू नका. दरी रुंद असेल तर हो, पण जिथे कॉन्टूर लाइन्स अगदी पाण्यापर्यंत चिकटून आल्यात तिथे कडा सरळ पाण्यात उतरलेला असतो, काठाने जायला जागाच नसते, मग वाट वर चढते, कड्यावरून जाते, परत खाली येते आणि पुढच्या कड्यापाशी पुन्हा तेच. असे छोटे छोटे चढ-उतार मिळून एकूण चढ कधीकधी डोंगरावरच्या सरळ वाटेएवढा होतो. त्यामुळे रूटचा एकूण चढ बघा, सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक बघून काही कळत नाही.

आणि जुना टो-पाथ किंवा बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग मिळाला तर सोडू नका. टो-पाथवरून घोडे होड्या ओढायचे म्हणून तो पाण्याच्या पातळीनेच जातो, आणि रेल्वेची लोखंडी चाकं रुळावर घसरतात म्हणून रेल्वेला चढ अगदी हळूहळू दिलेला असतो, त्यामुळे डोंगरात असूनही तुम्ही निवांत मान वर करून पळू शकता. रोजच्या छोट्या रनला मी तरी हाच सांगेन.

वळणाचं पण बघा. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो आणि काठ खालून पोखरला जातो, आतल्या बाजूला वाळू-गोटे साठतात. बाहेरच्या वळणावरची वाट मॅपवर छान दिसते पण प्रत्यक्षात ढासळलेली असू शकते, पूर येऊन गेल्यावर तर नक्की जाऊन बघा, आणि अगदी कडेने पळू नका. वरच्या अंगाला धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी अचानक वाढतं, तिथे पात्रात उतरून जाणारी शॉर्टकटची वाट घेऊच नका. सावलीतले लाकडी पूल आणि शेवाळलेले दगड ओले असताना चालत पार करायचे.

गुडघेसांभाळा:
चढ किती झेपेल याबद्दल. विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक नियम दिला होता, त्यावरून ढोबळ हिशोब असा निघतो की १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे ८०० मीटर जास्तीचे धरायचे. म्हणजे ८ किमीच्या रूटला ३०० मीटर चढ असेल तर तुमच्यासाठी तो सपाटीवरच्या साडेदहा किमीसारखा, तासाभराहून थोडा जास्त. हा अंदाज बऱ्या वाटेचा, वाट खडकाळ असेल तर वेळ अजून वाढवा.

उतारावर वेळ भरून निघेल असं मात्र धरू नका. मिनेट्टी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यांच्या सूत्राने १० टक्के चढावर तेवढ्याच अंतराला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि तेवढ्याच उतारावर जी वाचते ती त्यापेक्षा कमी असते. शिवाय उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, श्वास एकदम नॉर्मल असतो म्हणून तेव्हा काही जाणवत नाही आणि एक-दोन दिवसांनी जिना उतरताना कळतं. चांगली गोष्ट अशी की एकदा असं झालं की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराचा त्रास बराच कमी होतो, म्हणून सुरुवातीला छोटे उतार घ्या, पावलं जवळजवळ टाका, मग वाढवा.

घड्याळातल्या पेसकडे बघू नका. अरुंद दरीत जीपीएसचे सिग्नल कड्यांवर आपटून येतात, आकडा काहीही दाखवतो. बोलता येतंय इतक्या दमावर पळा, तेच खरं माप.

रोजचीधाव:
बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! कॉन्टूरवाला मॅप लावून बसलेय आणि एक लूप सापडलाय, नदीकाठाने साधारण ५ किमी, मग एका सोंडेवरून वर आणि दुसऱ्या बाजूच्या गाडीरस्त्याने परत खाली. सोंडेवर रेषा खूप जवळ आहेत, गाडीरस्त्याला लांब लांब. आता हा कुठल्या बाजूने करू? आणि सकाळी की संध्याकाळी?

खिंडीपलीकडे:
सोंडेने चढा, गाडीरस्त्याने उतरा. खड्या बाजूला तसंही चालायचंच आहे, आणि मऊ लांब उतारावर नजर मोकळी राहते, सगळी दरी समोर उघडत जाते. उलटं केलंत तर खडा उतार पायाखाली बघत जाईल आणि त्याच वेळी समोरचं सगळं हुकेल.

काठावरचा:
मी सकाळसाठी थोडं वेगळं सुचवतो, चढ-उतार तोच ठेवा पण जमलं तर लूपची सुरुवात सोंडेच्या पायथ्यापासून करा म्हणजे नदी शेवटी येईल. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन डोंगरावरून खाली दरीत साठते, त्यामुळे पहाटे नदीकाठी वरच्यापेक्षा जास्त गारठा आणि धुकं असतं. आधी वर गेलात की उन्हात पोचता आणि खाली सगळी दरी धुक्याने भरलेली दिसते, हे दृश्य एकदा तरी बघाच. तुम्ही उतरेपर्यंत ऊन खाली येतं आणि धुकं विरायला लागतं. शिवाय दमलेल्या पायांना शेवटी सपाटी मिळते. नदीचा तुकडा पश्चिमेकडे तोंड करून पळता आला तर अजून छान, ऊन पाठीवर राहतं आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात.

संध्याकाळी जायचं तर एक लक्षात ठेवा, ॲपमधली सूर्यास्ताची वेळ दरीत उपयोगाची नाही. सूर्य डोंगराआड बराच आधी जातो आणि झाडीत तर लगेच अंधारतं, त्यामुळे हेडलॅम्प बरोबर हवाच.

गुडघेसांभाळा:
आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, दरीत नेटवर्क जातं. कुठला रूट, कधीपर्यंत परत, हे घरी सांगून निघा. पहिल्यांदा तो लूप चालत करा, किती किमीवर कुठून परत फिरता येतं ते तेव्हाच बघून ठेवा.

रोजचीधाव:
हो, आधी चालतच करते. नदीचा तुकडा परतीला पश्चिमेकडेच जातोय, आत्ताच मॅपवर बघितलं!