प्रतिसाद: संगत कोन शेतात मोजताना
सर, कपाशीच्या तासांवर (पेरणीच्या ओळींवर) मुलांकडून संगत कोन (दोन रेषांना तिसरी छेदते तेव्हा दोन्ही छेदनबिंदूंवर सारख्याच जागी होणारे कोन) मोजून घ्यायची तुमची कल्पना फार चांगली आहे. फक्त कंपासपेटीतल्या कोनमापकावर विसंबू नका. कोनात एका अंशाची चूक झाली, तरी १० मीटरवर तास साधारण साडेसतरा सेंमी सरकलेला दिसतो.

त्यापेक्षा दोन तासांना तिरपी छेदणारी सुतळी धुऱ्यापासून (बांधापासून) ताणा. ही छेदिका. पहिल्या छेदनबिंदूपासून तासावर १ मीटर आणि सुतळीवर १ मीटर मोजून खुंट्या ठोका, खुंट्यांमधलं अंतर टेपने घ्या. ७० अंशाच्या कोनाला ते जवळपास १ मीटर १५ सेंमी भरतं. दुसऱ्या तासावरही तेवढंच भरलं, तर संगत कोन समान, म्हणून तास समांतर.

मुलं चुकतात ती दिशेत. दुसऱ्या तासावरची खुंटी सुतळीच्या पलीकडे गेली, की कोन ११० अंशाचा होतो, अंतर १ मीटर ६४ सेंमी येतं आणि ‘तास समांतर नाहीत’ असं लिहून मोकळी होतात. तिथल्या दोन्ही खुंट्या उलट दिशेला गेल्या तर अंतर पुन्हा जुळतं, पण ते व्युत्क्रम कोन, म्हणजे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे. आणि हो, रेषा समांतर नसल्या तरी संगत कोन असतातच, समान मात्र नसतात. परीक्षेत नेमकं हेच निसटतं.