शब्दचर्चा: झोपून न उतरणारा थकवा (शीण, मरगळ, धसका वगैरे)

अर्धविराम

बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. संगणकप्रणाली बदलायचं काम आणि मार्चएंड एकत्र आले, त्यात अख्खा हिवाळा गेला. आता काम संपलंय, रविवारही परत मिळालेत. पण सकाळी उठते तीच दमलेली. फोन नुसता थरथरला तरी छातीत धस्स होतं. आईला म्हटलं, "थकलेय गं." ती म्हणाली, "मग झोप काढ." झोपच तर काढतेय! तेव्हापासून डोक्यात आहे की मी शब्द चुकीचा वापरतेय का? थकवा, शीण, मरगळ, ग्लानी यातला नेमका कुठला? आणि त्या धस्स होण्याला काय म्हणायचं? 'बर्नआउट' माहीत आहे, तो सोडून सांगा.

घाटमाथा

नाम शोधू नका, त्याच्याशी कुठलं क्रियापद येतं ते बघा. खरी माहिती तिथे असते.

शीण 'उतरतो', 'जातो' किंवा आपण तो 'घालवतो'. प्रवासाचा शीण, लग्नघरातल्या दगदगीचा शीण. त्याला कारण असतं आणि ते सगळ्यांना दिसलेलं असतं. म्हणून शिणलेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही, उलट कुणीतरी चहा आणून देतं. मरगळ मात्र आपण 'झटकतो', आळससुद्धा झटकतो. म्हणजे ती अंगावर बसलेली धूळ, आणि अजून बसलेली असेल तर झटकली नाही हा तुमचा दोष. तुमच्या साहेबांनी "टीममध्ये मरगळ आलीय" म्हटलं की पुढचं वाक्य काय असणार ते ओळखा. "टीम शिणलीय" असं म्हणणारा साहेब मला अजून भेटायचाय, कारण तसं म्हटलं तर कुणी शिणवलं हे विचारावं लागेल.

तेव्हा तुमच्यासाठी मरगळ बाद. ग्लानीही बाद. मराठीत ती तापात येते, अर्धवट शुद्धीत.

रानवाट

दमणं आणि थकणं यातला फरकही सांगायला हवा. दमणं श्वासाशी बांधलेलं आहे. जिना चढून दमलो, पाच मिनिटं टेकलो, झालं. थकणं लांब पल्ल्याचं. "आजोबा आता थकलेत" म्हणतो तेव्हा ते दुपारी झोपून ताजेतवाने होतील असं कुणाच्या मनात नसतं. शिवाय हप्ते थकतात, वीजबिल थकतं. अर्धविराम, तुम्ही बँकेतल्या, थकबाकी तुम्हाला मी काय सांगणार! सहा महिन्यांची झोप थकली असेल तर एका रविवारी ती वसूल होत नाही. 'थकलेय' हा शब्द तुम्ही बरोबरच वापरला होता, आईंनी 'दमलेय' ऐकलं.

चहाबाज

टेन्शनचंही तेच बघा ना. ज्याला असतं तो म्हणतो "टेन्शन आलंय". बाकीचे म्हणतात "टेन्शन घेऊ नकोस". जसं काही काउंटरवर ठेवलं होतं आणि यानं उचललं.

घाटमाथा

हाहा, अगदी. आणि काळजी? 'लागते' तेव्हा ती आपल्या हातात नसते. 'करतो' तेव्हा थोडीफार असते. 'घेतो' तेव्हा अर्थच उलटतो, ती जपणूक होते. "काळजी करू नकोस, काळजी घे" हे आपण रोज फोनवर बोलतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

आता धस्स होण्याबद्दल. धाकधूक नव्हे, ती निकाल लागेपर्यंत असते, लागला की संपते. हुरहुर तर मुळीच नको, तिच्यात ओढ आहे. धास्ती पुढच्या गोष्टीची असते. तुमचं संकट मागे पडलंय आणि दचकणं मात्र उरलंय, त्याला नेमका शब्द आहे: धसका. धसका 'बसतो' किंवा आपण तो 'घेतो', आणि कारण गेलं तरी तो लगेच जात नाही. तुम्ही फोनचा धसका घेतलाय.

अर्धविराम

धसका! हो, हाच. आणि तो 'घेतला' म्हटलं तरी दोष दिल्यासारखं वाटत नाही, हे गंमतशीर आहे.

मळेवाडी

आमच्याकडं 'मेटाकुटीला येणं' म्हणतात, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेटं म्हणजे गुडघे टेकणं. ओझ्याखाली बैल पुढच्या गुडघ्यांवर येतो, ते मेटं. जीव मेटाकुटीला आला म्हणजे माणसाचं तेच झालं. अशा वेळी शहाणा माणूस चाबूक काढत नाही, आधी जू सोडतो. जू मानेवर ठेवून बैलाला मोटिव्हेशनल भाषण देणारा शेतकरी मी बघितलेला नाही.

चहाबाज

बर्नआउटला 'करपणं' कसं वाटतं? करपलेपण?

रानवाट

ऐकायला छान, पण करपलेली भाकरी परत पांढरी होत नाही. माणूस होतो. अर्धविरामताईंना उगाच घाबरवू नका.

बाकी बर्नआउट शब्द तरी कुठे इतका जुना आहे? 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना वापरला, तिथून तो पसरला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. 2019 मध्ये त्यावर बरीच चर्चा झाली होती. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मुख्य म्हणजे तिथे तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवलाय. घाटमाथा म्हणतात तेच झालं की, दोष कुणाच्या खात्यात टाकायचा!

तीन वेगळ्या गोष्टींना एकच मराठी शब्द कशाला हवा? शीण आहे, वीट आहे, आणि तिसऱ्याला 'हाय खाणं' जवळ जातं.

दवाखाना

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. इथे रोज ऐकू येणारे शब्द सांगतो, कारण त्यावरच माझं निम्मं निदान चालतं.

"अंग आंबलंय" म्हणणारा बहुधा अंगमेहनत करून आलेला असतो. गरम पाणी, झोप, बरा होतो. "अंग मोडून आलंय" म्हटलं की मी थर्मामीटर लावतो. आणि तुमच्यासारखी माणसं येतात ती म्हणतात, "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." अशक्तपणा हा सभ्य शब्द आहे. मनाचं काही आहे असं म्हणायला लागत नाही आणि घरचेही सोबत येतात. मी शब्द दुरुस्त करत नाही. पण हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 तपासून घेतो, कारण तिथेही खरोखर काही निघू शकतं आणि 'सगळं कामाचंच' म्हणून ते राहून जायला नको. तुम्हीही हे करून घ्या.

तपासण्या चांगल्या आल्या की मी पुढचं विचारतो. झोप लागत नाही, की लागते पण पहाटे मोडते? आवडीच्या गोष्टीत जीव रमतो का? दोन आठवडे उलटूनही रमत नसेल, तर कौन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. "जीव नकोसा झालाय" हे आपण उकाड्यालाही म्हणतो, त्यामुळे ते ऐकून सोडून देण्याची सवय झालीय. मी सोडत नाही, सरळ विचारतो, म्हणजे नेमकं काय? सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फुकट आहे, रात्रीही लागते. नंबर फोनमध्ये असू द्या.

फोनच्या धसक्यासाठी एक साधी गोष्ट: ऑफिसच्या ग्रुपचा आवाज आणि घरच्यांचा आवाज वेगळा ठेवा, आणि ऑफिसचा संध्याकाळी बंद. सगळाच फोन बंद केला तर काय आलं असेल या विचारानंच धडधड वाढते, असा अनुभव पुष्कळ जण सांगतात.

घाटमाथा

डॉक्टरांच्या पोस्टनंतर शब्दांचं बोलणं फिकं वाटेल, तरी विश्रांतीकडचे शब्द राहिलेत. सुट्टी, उसंत आणि विसावा एक नव्हेत. सुट्टी मंजूर करून घ्यावी लागते. उसंत चालू कामातच मिळते, किंवा मिळत नाही ("श्वास घ्यायला उसंत नाही"). विसावा वाटेतला असतो. पालखी सोहळ्याच्या वेळापत्रकात मुक्कामाखेरीज विसावे वेगळे छापलेले असतात. दमलात का, असं कुणाला विचारून ते ठरत नाहीत. महिनोन्‌महिने उसंत नाही आणि मग एकदम आठवडाभर सुट्टी, यानं भागत नाही ते त्यामुळेच.

चहाबाज

आणि श्रमपरिहार? आमच्या ऑफिसात प्रोजेक्ट संपल्यावर शनिवारी रिसॉर्टला नेतात, सकाळी सहाची बस. परिहार कसला, श्रमाची पुरवणीच.

मांडवीकाठ

गोव्यातून. कोंकणीत थकव्याला पुरासाण म्हणतात. मराठी कानाला त्यात 'पुरे' ऐकू येतं, नातं असो वा नसो. मला तरी तो शब्द उच्चारतानाच अर्धं बरं वाटतं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. रक्त तपासायला उद्याच जाते. आईला फोन करून 'धसका' सांगितला, ती लगेच म्हणाली, "अगं मग असं सांग ना." आता शेवटचं, रजेच्या अर्जात काय लिहू? धसका लिहिला तर शाखेत वर्षभर चेष्टा होईल.

रानवाट

'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे' लिहा. जुना सरकारी शब्द आहे, कुणी वर मान करून बघत नाही. आणि खोटाही नाही. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी. मराठीत "स्वस्थ बस" म्हणतो तेव्हा तब्येतीचा संबंध नसतो, नुसतं निवांत बसणं असतं. ते तुम्हाला जमत नाहीये, म्हणून रजा हवीय.

दवाखाना

चालेल. दाखला लागला तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि त्यांना मात्र अस्वास्थ्य नको, वर पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय ते जसंच्या तसं सांगा.