अनिवार्य विज्ञानपट कोणते, आणि ते ठरवायचे कशावरून?

नभोमंडळ:

विज्ञानपटांच्या चाहत्याने कोणते चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असे विचारले की सहसा उत्तम चित्रपटांची यादी पुढे केली जाते. माझ्या मते उत्तम असणे आणि अनिवार्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तम चित्रपट राहून गेला तर आपण एका आनंदाला मुकतो. अनिवार्य चित्रपट राहून गेला तर त्यानंतरचे कितीतरी चित्रपट अर्धेच कळतात. म्हणून मी वंशावळीचा निकष मांडतो: ज्या चित्रपटाने पुढच्या दिग्दर्शकांना एखादी प्रतिमा, एखादी रीत किंवा एखादा प्रश्न दिला आणि ज्याला वगळल्यास परंपरेतील दुवा निखळतो, तो अनिवार्य. या निकषावर माझ्या यादीत सहा नावे उरतात.

फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस'पासून (१९२७) सुरुवात करावी लागते, कारण वर श्रीमंतांचे मनोरे आणि खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार अशी थरांत विभागलेली नगरी पडद्याला त्याने दिली, आणि त्यातील धातूची स्त्री ही पुढच्या अनेक यंत्रमानवांची पूर्वज ठरली. दुसरा इशिरो होंडा यांचा 'गोजिरा', म्हणजेच गॉडझिला (१९५४). मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि तिच्यावरील २३ खलाशी किरणोत्साराला बळी पडून आजारी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला हा चित्रपट समुद्रातल्या एका जहाजाच्या अकस्मात विनाशाने सुरू होतो, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसेल. राक्षस शहर तुडवतो एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे, पण चित्रपटाचे खरे केंद्र डॉक्टर सेरिझावा हे आहे. त्याच्याकडे गोजिराला मारू शकेल असे अस्त्र आहे, आणि ते एकदा वापरले की जग ते पुन्हा मागेल हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो आपली टिपणे जाळतो आणि स्वतःही परत येत नाही. वैज्ञानिकाच्या जबाबदारीचा प्रश्न इतक्या थेटपणे विचारणारे चित्रपट त्यानंतरही फार झाले नाहीत.

उरलेली चार नावे '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८), 'सोलारिस' (१९७२), 'एलियन' (१९७९) आणि 'ब्लेड रनर' (१९८२) ही आहेत. त्यांपैकी पहिल्याबद्दल इतकेच म्हणतो की माणूस चंद्रावर उतरण्याआधी वर्षभराहून अधिक काळ स्टॅन्ली कुब्रिक यांनी सुमारे ३० टन वजनाचा फिरता सेट उभारून कृत्रिम गुरुत्वाकर्षण दाखवले आणि अवकाशातल्या निर्वाताला निःशब्द राहू दिले.

उत्तररात्र:

आपला निकष सुस्पष्ट आहे, परंतु तो इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे, चाहत्याचा नाही. ज्याचे अनुकरण झाले ते अनिवार्य, असे मानले तर अनुकरण करता येण्यासारखे जे नव्हते ते आपोआप बाद होते, आणि या प्रकारातील सर्वांत मौल्यवान काम नेमके तिथेच आहे. क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२) घ्या. अवघ्या २८ मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. फक्त एका क्षणी, झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते तेव्हा, चित्र हलते. कालप्रवासावर फक्त निवेदन आणि छायाचित्रे हाताशी असताना जे साधले गेले, ते पुढे अवाढव्य खर्चातही क्वचित साधले. त्याच्या कथेवरून १९९५ मध्ये 'ट्वेल्व्ह मंकीज' निघाला, तेव्हा आपल्या वंशावळीतही त्याला जागा मिळेल. पण मी तो त्यासाठी सुचवत नाही. आठवणीत जगणारा माणूस काळातून प्रवास करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न तो आजही पहिल्या दिवसाइतकाच ताजा ठेवतो, यासाठी मी तो सुचवतो.

माझा निकष असा की चित्रपट पाहून झाल्यावर त्याने मांडलेला प्रश्न आपल्याला टाळता येऊ नये. या कसोटीवर मी 'ला जेते'सोबत तार्कोव्स्की यांचा 'स्टॉकर' (१९७९), शेन कॅरुथ यांचा 'प्रायमर' (२००४) आणि 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) ही नावे ठेवीन. 'प्रायमर' सुमारे ७,००० डॉलरमध्ये बनला आणि त्यातले दोघे अभियंते खरोखर अभियंत्यांसारखे बोलतात, म्हणजे प्रेक्षकासाठी काहीही सोपे करून सांगत नाहीत. आपल्या यादीतील 'मेट्रोपोलिस'चा शेवट मात्र, मालक आणि मजूर यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी असे सांगून, स्वतःच उभा केलेला प्रश्न मिटवून टाकतो.

कुतूहल:

दोन्ही बाजू वाचल्या आणि आश्चर्य वाटले की विज्ञानपटांच्या चर्चेत विज्ञान हा निकष कोणालाच सुचला नाही. ज्या कथेतून वैज्ञानिक कल्पना काढून घेतली तरी कथा तशीच उभी राहते, ती कथा विज्ञानकथा नव्हे, मग तिच्यात कितीही अवकाशयाने असोत. उलट 'गॅटाका'तून (१९९७) जनुकशास्त्र काढा, काहीही उरणार नाही. मानवी जनुकसंचाचा आराखडा पूर्ण होण्यास सहा वर्षे असताना या चित्रपटाने ओळखले होते की धोका राक्षसी प्रयोगांतून येणार नाही, तो संभाव्यतेला निकाल समजण्यातून येईल. नायक जन्मताच त्याला हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के आणि अपेक्षित आयुर्मान ३०.२ वर्षे असे सांगितले जाते, आणि त्या क्षणापासून समाज त्याच्याकडे त्या आकड्यांतूनच पाहतो. आकडेवारीचे हे चुकीचे वाचन हा खराखुरा वैज्ञानिक विषय आहे, आणि चित्रपटाचे सगळे नाट्य त्याच्यातून येते.

याच न्यायाने मी 'कॉन्टॅक्ट' (१९९७) आणि 'इंटरस्टेलर' (२०१४) अनिवार्य मानतो. दुसऱ्यात कृष्णविवराची प्रतिमा भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकाने काढली, आणि प्रकाश वाकून कृष्णविवराच्या वर व खाली तेजाची कडी कशी दिसेल हे सामान्य प्रेक्षकाने प्रथमच पाहिले. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची छायेसारखी पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा ती पाहणाऱ्या असंख्य लोकांचे डोळे या चित्रपटाने आधीच तयार केलेले होते. प्रेक्षकाला विश्वाकडे पाहायला शिकवणारा चित्रपट अनिवार्य नसेल तर कोणता असेल?

उत्तररात्र:

कुतूहल यांनी दिलेले 'इंटरस्टेलर'चे उदाहरण त्यांच्याच निकषाची मर्यादा दाखवते. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तेजस्वी तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक तेजस्वी आणि दूर जाणारी मंद दिसली पाहिजे. गणनेत हे निघाले होते, पण प्रेक्षक गोंधळेल म्हणून पडद्यावरच्या प्रतिमेतून तो फरक काढून टाकण्यात आला. २०१९ च्या खऱ्या प्रतिमेत एक बाजू उजळ आहेच. म्हणजे अचूकतेसाठी ज्याचा गौरव होतो, त्या चित्रपटानेही ऐन वेळी दृश्यसौंदर्याच्या बाजूने कौल दिला. मी यासाठी दिग्दर्शकाला दोष देत नाही. माझे म्हणणे असे की चित्रपटातले विज्ञान माहितीपेक्षा वृत्तीत शोधावे.

'स्टॉकर'मध्ये एकही भविष्यकालीन यंत्र नाही, परग्रहवासी नाहीत, कसलेही विशेष दृश्यपरिणाम नाहीत. तीन माणसे एका निषिद्ध प्रदेशात शिरतात आणि पाऊल टाकण्याआधी वाटाड्या कापडाची पट्टी बांधलेला लोखंडी नट पुढे फेकतो, तो कुठे व कसा पडतो ते पाहतो, मगच पुढची वाट ठरवतो. अज्ञातासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने करायचा प्रयोग याहून साध्या रूपात मी पडद्यावर पाहिलेला नाही.

कुतूहल:

ज्या दृश्याला आपण प्रयोग म्हणता, तेच दृश्य माझ्या मते त्याच्या नेमके विरुद्ध आहे. प्रयोगाचे उत्तर नकारार्थी येण्याची शक्यता असावी लागते. ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला त्या स्त्रुगात्स्की बंधूंच्या पुस्तकात फेकलेला नट गुरुत्वाकर्षणाच्या सापळ्यात खरोखर खेचला जातो, म्हणजे फेकण्याला पुरावा मिळतो. तार्कोव्स्की यांनी तो पुरावा जाणीवपूर्वक काढून टाकला. चित्रपटभर नट फेकले जातात, पण नटामुळे एकही धोका उघड होत नाही. तिघांपैकी लेखक असलेला प्रवासी वाटाड्याचे न ऐकता सरळ चालत जातो, एक आवाज त्याला थांबवतो, तो परत फिरतो, आणि त्याला काहीही झालेले नसते. तेव्हा नट फेकणे ही परीक्षा उरत नाही, ते अनुष्ठान होते. 'स्टॉकर' हा श्रद्धेवरचा महान चित्रपट आहे हे मी मनापासून मान्य करतो, पण म्हणूनच विज्ञानपटांच्या अनिवार्य यादीत त्याला जागा देणे मला पटत नाही.

उत्तररात्र:

पुरावा काढून टाकला हे निरीक्षण बिनतोड आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. पुरावा नसल्यामुळे प्रेक्षकच त्या दोघा प्रवाशांच्या जागी येतो: समोरचा माणूस अनुभवी आहे की भ्रमिष्ट, याचा निर्णय अपुऱ्या माहितीवर त्याला स्वतःला करावा लागतो. तिघांपैकी एक भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि त्याने पिशवीतून बॉम्ब आणलेला आहे, हे विसरून चालणार नाही. त्या निषिद्ध प्रदेशातली, इच्छा पूर्ण करणारी म्हणून सांगितली जाणारी खोली खरी असेल तर ती कोणाच्या हाती पडेल, या भीतीने तो ती उडवायला निघालेला असतो. नभोमंडळ यांनी सेरिझावाबद्दल जे लिहिले तोच प्रश्न इथे आहे, फरक इतकाच की इथे धोका सिद्ध झालेला नाही.

दीर्घिका:

एवढ्या चर्चेत 'स्टार वॉर्स'चे (१९७७) नाव जवळपास कोणी घेत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. वंशावळ हाच निकष असेल तर त्याला वगळणे अशक्य आहे. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या कॅमेऱ्याने यानांची प्रतिकृती पुन्हा पुन्हा त्याच अचूक मार्गाने टिपण्याची पद्धत त्या चित्रपटासाठी घडवली गेली, आणि त्याकरिता उभारलेल्या दृश्यपरिणामांच्या संस्थेने पुढची कित्येक दशके या प्रकाराचे रूप ठरवले. शिवाय भविष्यातली यंत्रे पोचे पडलेली, तेलाने माखलेली, वापरलेली दिसावीत, ही कल्पना सर्वांपर्यंत त्याने पोहोचवली. नभोमंडळ यांच्या यादीतला 'एलियन' हा 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या स्टुडिओनेच त्याचे यश पाहून हाती घेतला, हेही लक्षात घ्यावे.

नभोमंडळ:

दीर्घिका यांचा मुद्दा बळकट आहे, पण पैसा कुठून आला आणि कल्पना कुठून आली यांत मी फरक करतो. 'एलियन'चे मर्म त्याच्या श्वापदात जितके आहे तितकेच त्या मालवाहू यानावरच्या सात माणसांत आहे: ती जागी होताच बोनसच्या वाट्यावरून हुज्जत घालतात आणि कंपनीच्या लेखी त्यांच्या जिवाची किंमत शून्य आहे हे त्यांना उशिरा कळते. अवकाशात कंटाळलेले, कुरकुरणारे नोकरदार ही कल्पना 'स्टार वॉर्स'मधून आलेली नाही. ती जॉन कार्पेंटर यांच्या 'डार्क स्टार'मध्ये (१९७४) आहे, आणि त्या चित्रपटाचे सहलेखक डॅन ओ'बॅनन यांनीच पुढे 'एलियन' लिहिला. 'स्टार वॉर्स'ने चित्रपट कसे बनवावेत हे बदलले. विज्ञानपटाने काय विचारावे यात त्याने काही भर घातली, असे मला दिसत नाही. त्यातून यंत्रे आणि ग्रह काढून तलवारी आणि राज्ये ठेवली तरी कथा टिकते. इथे मी कुतूहल यांची कसोटी वापरतो आहे.

मूकपट:

निकषांवर बोलणे चालू आहे, पण पाहायची आवृत्ती कोणती हे ठरवल्याशिवाय वंशावळीचा निकष मला अपुरा वाटतो. 'मेट्रोपोलिस'ची १९२७ च्या पहिल्या खेळांनंतर मोठी कापाकापी झाली आणि जवळजवळ संपूर्ण प्रत २००८ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये सापडली. म्हणजे मधल्या ८० वर्षांत ज्या दिग्दर्शकांवर त्याचा प्रभाव पडला, त्यांनी पाहिलेला चित्रपट आज आपण पाहतो तो नव्हता. 'गोजिरा'ही जगभर पोहोचला तो बहुतांशी १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीतून, जिच्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसवलेला आहे आणि अणुचाचण्यांचे संदर्भ पातळ केलेले आहेत. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये निर्मात्यांनी लादलेल्या निवेदनासह आणि सुखान्तासह आला. दिग्दर्शकाला मान्य असलेली अंतिम आवृत्ती २००७ ची. प्रभाव हीच कसोटी असेल तर १९८२ ची बिघडवलेली प्रतच अनिवार्य ठरेल. हे नभोमंडळ यांना चालेल का?

नभोमंडळ:

'ब्लेड रनर'पुरते उत्तर देतो. त्याच्यातून पुढच्यांनी जे घेतले, म्हणजे सततचा पाऊस, धुरात बुडालेले मनोरे, आकाशातल्या प्रचंड जाहिराती आणि मरणाच्या दारात आपल्या आठवणी सांगणारा कृत्रिम मानव, ते दोन्ही आवृत्त्यांत आहे; निवेदन कोणी वारशाने घेतले नाही आणि शेवटची ती हिरवी डोंगरवाटही कोणी घेतली नाही. परंतु नायक स्वतः कृत्रिम आहे का, ही शंका ज्या एकशिंगी घोड्याच्या स्वप्नामुळे बळावते, ते स्वप्न १९८२ च्या प्रतीत नाही. ते १९९२ च्या आवृत्तीत आले आणि २००७ च्या प्रतीत पूर्ण रूपात आहे. प्रतिमांचा वारसा १९८२ चा आणि प्रश्नाचा वारसा नंतरचा, असे हे प्रकरण आहे, आणि माझ्या निकषात प्रतिमा व प्रश्न दोन्ही धरलेले असल्यामुळे मी २००७ ची प्रत सुचवीन. 'गोजिरा'च्या बाबतीत मात्र तडजोड नको: अणुचाचण्यांचा संदर्भ पातळ केलेल्या प्रतीत सेरिझावाने टिपणे जाळण्याचे कारणच क्षीण होते, म्हणून तो मूळ जपानी रूपातच पाहावा.